सूर्याजीरावांचा हरवलेला डग्गा

"ग्वाल्हेर शहरात माझ्या कानांतून काहीही निसटू शकत नाही," खासगी गुप्तहेर अनसूयाबाईंनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात कुकरची नववी शिट्टी होत होती.

भालचंद्ररावांनी उठून गॅस बंद केला. बाईंचे मदतनीस म्हणून त्यांनी आजवर केलेलं हे सर्वात उपयुक्त काम. ते परतले तो समोर किला गेट भागातले सूर्याजीराव बसलेले, मिशा थरथरत.

"बाई, माझा डग्गा गेला!"

डग्गा म्हणजे त्यांच्या दिवंगत भावाच्या तबल्याच्या ध्वनिमुद्रणातला. घरी दोन स्पीकर, शिवाय खर्जासाठी सबवूफरचा पेटारा. आठ दिवस तबला टणटणत होता, डग्गा गप्प.

"सुनेनं पेटाऱ्याचं बटण फिरवलं. कबूल करत नाही. मी बोलणं टाकलंय, तर उद्या ती थाटीपूरच्या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड हलवतेय."

सूर्याजीरावांच्या घरी दिवाणखान्याच्या बरोब्बर मध्ये उंच पाठीची खुर्ची होती. खाली गालिच्यावर खडूची फुली. मागच्या भिंतीशी गालिच्याला चार खोल खळगे. भालचंद्ररावांनी वहीत लिहिलं : 'गालिचा जुना.'

सून अंतरा स्वयंपाकघरात भांडी बांधत होती. "मावशी, मी हातसुद्धा नाही लावला. उलट इथे डब्यांची झाकणं थडथडतात. सच में!"

शेजारचे दौलतसिंह दारातून हसले. "चोरी? मैडम, डग्गा तो हमारी खिड़की में बैठा है!"

"कबुली!" भालचंद्रराव कुजबुजले.

बाईंनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "सूर्याजीराव, आठ दिवसांपूर्वी काय झालं?"

"संगीत मंडळाचा अध्यक्ष झालो! आमच्या घराण्यात मानाची बैठक मध्यभागी. टेपनं मोजून घेतली, इंचभर इकडेतिकडे नाही."

बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"डग्गा चोरीला गेला असता, तर डब्यांना आणि खिडकीला कसा मिळाला? तो घरातून गेलेला नाही, एका खुर्चीवरून गेलाय. खर्जाच्या लाटा भिंतींवर आपटून परततात. भिंतींशी त्यांची गर्दी होते. मधोमध एकमेकींना खाऊन टाकतात. खुर्ची या चार खळग्यांत होती, तोवर डग्गा होता."

"जरा जास्तच घुमायचा," सूर्याजीराव पुटपुटले.

"भिंतीला चिकटून होतात ना! आणि मग अध्यक्षमहाराज मोजूनमापून नेमके आवाजाच्या खड्ड्यात जाऊन बसले. बटणाला कुणीही हात लावलेला नाही."

बाईंपुढे कोतवालीतले भलेभले पाणी भरतील, असं भालचंद्ररावांना वाटलं. वहीतलं 'जुना' त्यांनी हळूच खोडलं.

"आता उपाय. खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे, मध्यावर नाही. तिच्यावर पेटारा बसवायचा, आणि ऐकणाऱ्यानं भिंतीच्या कडेनं रांगत फिरायचं. आवाजाचा रस्ता दोन्हीकडून सारखाच, म्हणून प्रत्येक ठोका जिथे सारखा वाटेल, तीच पेटाऱ्याची जागा; खुर्चीवर मग तुम्ही."

"रांगणार कोण?"

"कान ज्याचे तो."

पेटारा मानाच्या खुर्चीवर विराजमान झाला. त्याच्यासमोरून अध्यक्ष चार पायांवर निघाले. कोपऱ्यात डग्गा गडगडला, दाराशी विरला. खिडकीपाशी मात्र भावाचा हात स्वच्छ उमटला, घुमत नव्हता की बुडत नव्हता. सूर्याजीराव डोळे मिटून तिथेच थांबले. पूर्ण ठेका संपेस्तोवर.

मग आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे मान वळवली.

"अंतरा, बाळ..."

दौलतसिंहांनीही श्वास रोखला.

"...जरा हात दे. गुडघा अडकलाय."