नऊ नंबरची घंटा

काम अगदी साधं होतं. मोतीबिंदू काढलेला डोळा डॉक्टरांना दाखवायचा, थेंब बदलून घ्यायचे आणि दुपारच्या गाडीनं घरी परत. आपल्या तळमजल्यावरच्या सिस्टरना शहरात जायचं होतं. हो, त्याच. हसू नका, तुमच्यातले दोघं लहानपणी त्यांची चाहूल लागली की इंजेक्शनच्या भीतीनं पलंगाखाली शिरायचे, माझ्या चांगलं लक्षात आहे. बसा नीट. दिवे येईपर्यंत जिन्यावर गप्प बसून तरी काय करणार?

तर गेल्या वर्षी नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. डॉक्टर बुधवारी सकाळी आठलाच बघणार होते, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम. मुलानं हॉटेल फोनवरून ठरवलं. सोबत सूनबाई.

"आई, एक गंमत आहे," टॅक्सीत सूनबाई म्हणाली. "आत्ता नाही सांगणार. तिथे गेल्यावर कळेल."

टॅक्सी थांबली. सूनबाई उतरली, बॅगा उतरल्या. सिस्टर आतच.

समोर त्यांचं जुनं हॉस्पिटल होतं. एकतीस वर्षं नोकरी केली होती तिथे. मीही त्याच इमारतीत एकवीस वर्षं एक्स-रे काढले, म्हणून सांगतो, दगडी काम असं की उन्हाळ्यातही पाठ टेकली तर गार लागायची. हॉस्पिटल बंद पडलं, पुढे कित्येक वर्षं तिथे फक्त कबुतरं नांदली, मग कुणीतरी इमारत विकत घेतली आणि अकरा खोल्यांचं छोटेखानी हॉटेल केलं. जिथून घरी कधी सोडतील म्हणून लोक डॉक्टरांच्या विनवण्या करायचे, तिथे आता लोक हौसेनं राहायला येतात!

"आवडलं ना?" सूनबाईनं विचारलं. बिचारीचा चेहरा नुसता फुलला होता.

"आवडलं हो," सिस्टर म्हणाल्या आणि उतरल्या.

आत सगळं झकपक. चाकांची खुर्ची होती, पण तिच्यात पेशंटऐवजी कुंडी. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये खोल्यांच्या किल्ल्या. माझ्या एक्स-रेच्या काळोख्या खोलीत म्हणे कॉफी मिळते. आणि काउंटरच्या मागे, काचेच्या आड, घंटांचा बोर्ड.

तुम्ही पाहिला नसेल असा बोर्ड. पूर्वी वॉर्डात प्रत्येक पलंगाशी एक बटण असायचं. पेशंटनं ते दाबलं की सिस्टरांच्या खोलीत घंटा वाजायची आणि बोर्डावर त्या पलंगाच्या नंबराची पितळी पट्टी खाली पडायची. सोळा पलंग, सोळा पट्ट्या.

"ओरिजिनल आहे आजी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आम्ही फक्त पॉलिश केलंय."

"वाजतो?"

"छे! आतल्या तारा केव्हाच कापल्यात. शोभेचा आहे."

"सगळ्या कापल्यात?"

मुलगी हसली. "सगळ्या, आजी."

खोली वरच्या मजल्यावर मिळाली. पुरुषांचा लांबलचक वॉर्ड होता तिथे, त्यात भिंती घालून पाच खोल्या काढल्या होत्या. सूनबाई बाथरूममधले साबण हुंगत होती तेव्हा सिस्टर बाहेर गेल्या, बोळाच्या टोकापासून खिडक्या मोजत परत आल्या आणि खोलीतल्या दुसऱ्या खिडकीपाशी थांबल्या. तिथे एक आरामखुर्ची होती, शेजारी उंच दिवा.

"इथे नऊ नंबर होता," त्या म्हणाल्या.

"काय होतं?"

"पलंग गं."

सूनबाई चरकली. "खोली बदलून मागू का?"

"बदलून काय होणार? पलंग नव्हता अशी जागा कुठे आहे इथे?"

जेवण झालं, डोळ्यात थेंब घातले, दहाला दिवा मालवला. सूनबाई पडल्या पडल्या झोपली. सिस्टर छताकडे बघत राहिल्या.

आता त्या नऊ नंबरचं सांगायला हवं. त्यांनी ते तेहतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. मला सांगितलं ते या वर्षी.

चोवीस वर्षांचा मुलगा होता तो, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छातीत पाणी झालेलं. खिळ्यांवरची अक्षरं उलटी वाचायची सवय, म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांची नावं तो उलटी करून हाका मारायचा. मोठ्या डॉक्टरांचंसुद्धा केलं होतं, ते इतकं वाईट निघालं की नर्सा तोंडात पदर कोंबून पळाल्या होत्या. दिवसभर असा दंगा. पण संध्याकाळ झाली की गडी पार विझायचा. रात्रीची त्याला भीती वाटायची. झोपलो तर उठणार नाही, असं म्हणायचा.

मार्च महिन्यातली रात्र. सिस्टरांची लागोपाठ दुसरी ड्यूटी. घरी सहा वर्षांचा मुलगा तापानं फणफणलेला, त्याच्याजवळ शेजारीण बसलेली. दीडच्या सुमाराला नऊ नंबर म्हणाला, "सिस्टर, मला झोप लागेपर्यंत हात धरून बसाल का? हसू नका."

"आलेच पाच मिनिटांत," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टरांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर टेकल्या. डोळा लागला. मग घंटा वाजली.

त्यांना ऐकू आली, बरं का. झोपेत होत्या, ऐकू आली नाही, असं नाही. ऐकू आली, आणि वाटलं, उठते आता. पुन्हा वाजली. उठतेच. तिसऱ्यांदा वाजली, बराच वेळ. मग थांबली. झोपला असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी मान टेकली.

पाचला गेल्या तेव्हा तो गार पडला होता. अंगठा बटणावर.

त्यांनी परत येऊन रजिस्टरात लिहिलं, 'रात्री अडीच. पेशंट शांत झोपलेला.' कुणी विचारलं नाही. एकटी त्याची आई काय ती बोलली. सकाळी आली, रडली नाही, एवढंच म्हणाली, "शेवटी कुणी होतं का हो त्याच्याजवळ?"

"होते ना. मी होते. हात धरून बसले होते."

त्या बाईनं सिस्टरांचे दोन्ही हात घेतले आणि त्यावर कपाळ टेकवलं. पुढे दर मार्चला यायची, अंगणातली फुलं घेऊन. "माझ्या लेकाचा हात धरलात तुम्ही." अकरा वर्षं आली. मग यायची थांबली, म्हणजे गेलीच असणार. अकरा वर्षं सिस्टरांनी ती फुलं घेतली.

असो. हॉटेलात त्या रात्री केव्हातरी त्यांना झोप लागली.

जाग आली. मोबाइल पाहिला. दोन चाळीस.

घंटा वाजत होती.

तारखेचा काही संबंध नव्हता, पोरांनो. तो गेला मार्चमध्ये, हा नोव्हेंबर. स्वप्न असेल म्हणून त्या पडून राहिल्या. घंटा थांबली. आणि पुन्हा सुरू झाली. तोच आवाज, मध्येच घसा बसल्यासारखा.

सूनबाई ढिम्म हलली नाही.

सिस्टरांच्या पायांना आपोआप चपला सापडल्या. दार उघडलं. बोळात मंद दिवा. जिन्याच्या वरच्या पायरीवरून खालचा काउंटर दिसतो. रात्रपाळीचा माणूस हातांवर डोकं ठेवून झोपला होता. घंटा त्याच्या डोक्यावर वाजत होती. त्याला पत्ता नाही.

बोर्डावर एक पट्टी पडलेली. एकच.

नंबर वाचायची गरज नव्हती.

बाकी कुणी असतं तर खाली धावलं असतं, त्या माणसाला हलवून उठवलं असतं. सिस्टर मागे फिरल्या. वॉर्डाकडे. खोलीच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि घंटा थांबली.

आत मिट्ट काळोख. बोळातला उजेड दारातच अडला होता... आत येतच नव्हता.

"सिस्टर..."

दुसऱ्या खिडकीकडून.

"आले," त्या म्हणाल्या.

चालत गेल्या. चार पावलं. पाचवं. गुडघ्याला काहीतरी लागलं. आरामखुर्ची असायला हवी होती तिथे. हात लावला. लोखंड. पलंगाची कड... गार.

त्यांनी हात पुढे केला. काळोखात. तसाच.

डावं मनगट कुणीतरी धरलं.

"झोप लागेपर्यंत..."

"हो. कुठेही जात नाही मी."

"मागेही 'आलेच' म्हणालात."

सिस्टरनी मनगट सोडवून घेतलं नाही.

"ऐकू येत होती ना... घंटा?"

खोटं बोलायची सवय तेहतीस वर्षांची होती. पण तिथे, त्या काळोखात...

"येत होती," त्या म्हणाल्या.

पकड घट्ट झाली. फक्त श्वास ऐकू यायला लागला. घरघरणारा, अडखळणारा. सिस्टर उभ्या राहिल्या. वाकून, एक हात पलंगाच्या कडेवर. डोळ्यातून पाणी गळत होतं, ऑपरेशन झालेल्या. पाय भरून आले. बसायला काही नव्हतं. उभ्याच. कुठेतरी तीनचे ठोके पडले. मग साडेतीनचा एक.

श्वास हळूहळू लांबायला लागला.

सिस्टरना ते कळतं हो. आयुष्य गेलं त्यात. माणूस झोपेच्या काठावर येतो तेव्हा श्वास कसा बदलतो... घरघर कमी झाली. पकड सैल होत आली. एक बोट सुटलं.

आता लागेल. देवा, आता लागेल झोप.

दुसरं बोट...

खट्.

दिवा लागला.

"आई! अहो काय करताय तिथे?"

आरामखुर्ची. उंच दिवा. खिडकी. सिस्टर वाकलेल्या, आणि त्यांचा डावा हात खुर्चीच्या वर हवेत तरंगत असलेला. तेवढ्यात एक श्वास ऐकू आला. गाढ झोपेतून दचकवलेलं माणूस घेतं तसा, एकदम आत ओढलेला.

मग काही नाही.

"बंद कर!" सिस्टर ओरडल्या. सुनेवर आवाज चढवायची त्यांची ती पहिली वेळ. "दिवा बंद कर आधी! कर म्हणते ना!"

सूनबाईनं घाबरून दिवा मालवला. काळोख झाला, पण साधा, नेहमीचा. बोळातला उजेड आता दारातून सरळ आत येत होता. सिस्टर हात पुढे करून उजाडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. "आले रे. इथेच आहे मी," असं मध्ये मध्ये म्हणत होत्या. सूनबाई पलंगावर पाय पोटाशी घेऊन रडत बसली. तिची काय चूक होती? सासू रात्रीबेरात्री काळोखात एकटीच वाकून उभी दिसल्यावर कोणतीही सून दिवाच लावेल.

सकाळी आठला दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोळा झकास आहे, आता सगळं लख्ख दिसेल.

त्यानंतर सिस्टर तीन वेळा तिथे जाऊन राहिल्या. डिसेंबरात, जानेवारीत, आणि मार्चमध्ये, तो गेला त्याच तारखेला. एकट्या. तीच खोली मागून घेतली. त्यांचा मुलगा हसून सगळ्यांना सांगायचा, आईला हॉटेल भलतंच आवडलंय. त्या रात्रभर काळोखात खुर्चीशेजारी उभ्या राहायच्या. सत्तरी उलटलेली बाई. घंटा वाजली नाही.

मार्चमधल्या मुक्कामाहून परत आल्या त्या संध्याकाळी मला बोलावून त्यांनी हे सगळं सांगितलं. मी आपलं काहीतरी म्हणालो, अहो, तुम्ही गेलात, खरं बोललात, त्याला ते पोचलं असेल, सुटला असेल तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कीव आल्यासारखं.

"झोपेतून उठवलेला पेशंट पुन्हा सहजी झोपत नाही," त्या म्हणाल्या. "तो तिथे टक्क जागा आहे. आणि आता मला हाक मारायची नाही, हे त्यानं ठरवलंय. दोनदा झालं ना. कोण मारेल तिसऱ्यांदा?"



उठू नका, एक राहिलंय. एप्रिलमध्ये त्यांना चक्कर आली म्हणून कोपऱ्यावरचे डॉक्टर घरी आले. मी होतो तिथे. डॉक्टरांनी नाडी बघायला सिस्टरांचं डावं मनगट हातात घेतलं, घड्याळ पाहिलं. बोटं सरकवली. पुन्हा सरकवली. कपाळावर आठ्या. त्याच हाताला बीपीचं मशीन लावलं, ते नुसतं फुगलं आणि बसलं. मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तवाहिनी मोकळी, रक्त वाहतंय, कुठे गाठ नाही, काही नाही. डॉक्टरांनी एकमेकांची तोंडं पाहिली आणि घरी सोडलं.

परवा मी स्वतः बोटं ठेवली. हात ऊबदार आहे. बोटं हलतात, चहाचा कप त्या त्याच हातात धरतात. उजव्या हाताला मोजले, बहात्तर ठोके. मग डाव्या, त्यानं धरलेल्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाच्या काट्याकडे पाहत बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, हसत नव्हत्या...

काही नाही. एकही नाही.