काढून टाकलेला पत्रा

बसा, पोरांनो. तुमची बॅटरी भरायला अजून दोन तास तरी लागतील, आणि अर्धवट भरलेली बॅटरी मी कुणाच्याही गाडीला लावत नाही. तुम्ही जुन्या व्हॅनमध्ये बिऱ्हाड थाटून निघालाय म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी काढत नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवणारी एक बाई होती, तिच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. निम्मी गिऱ्हाइकं तिनं खरं बोलूनच घालवली होती.

सगळे तिला टाचणी म्हणायचे. अंगानं बारीक, आणि हात लावला की टोचणारी. वय तेव्हा साठ. चाळीस वर्षं मशीनवर वाकून वाकून मानेत बाक आलेला, पण आवाज खणखणीत. राहायची थोरल्या भावाकडे, जिन्याखालच्या खोलीत. भाऊ वाईट नव्हता हो. पण हिनं काही ठरवलं की त्याचा पहिला शब्द ‘थांब’. गाडी शिकते म्हणाली, तर थांब, रस्ते बघ कसे आहेत. स्वतःची खोली बघते म्हणाली, तर थांब, पोराचं मार्गी लागू दे. पोराचं मार्गी लागलं, त्याला पोरं झाली, आणि टाचणी जिन्याखालीच. गाडी मात्र ती शिकली, चोरून, चोपन्नाव्या वर्षी, माझ्याच डबड्यावर. माझ्या क्लचचं तिनं वाटोळं केलं ते अजून मी बोलून दाखवतो.

मग एक दिवस तिनं एक जुनी व्हॅन आणून गाळ्यापुढे उभी केली. म्हणाली, “हे माझं घर. यात राहायचं, आणि जिथं वाटेल तिथं जायचं.”

सहा महिने आम्ही दोघं त्या गाडीला चिकटलो होतो. गंजलेला तळ खरवडला, पत्र्याला आतून फोम चिकटवला, वरून प्लायवूड ठोकलं. बाकाखाली पाण्याचे कॅन, बाकावर गादी, दाराशी दोन शेगड्यांचा ओटा. वायरिंग माझं. गादीची शिवण अर्थात तिची, आणि ती शिवण बघायला दुसऱ्या गल्लीतून लोक यायचे.

ड्रायव्हरच्या पाठीमागे एक पत्रा होता, पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळा करणारा. ती म्हणाली, हा नको, घरात असली भिंत नको. मी ग्राइंडर लावला. कापताना दिसलं की पत्र्याच्या मागच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा रंग पार उडालेला आणि तिथं खळगा पडलेला.

“हे काय रे?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. ही गाडी एका पेपरची होती, तो पेपर आता बंद पडलाय. पुढे ड्रायव्हर, मागे घरोघर पेपर टाकणारा गठ्ठेवाला. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. वर्षानुवर्षं एकाच माणसानं एकाच जागी थापा मारल्या, त्याचा हा खळगा.

एक गोष्ट मात्र मी गिळली. तो गठ्ठेवाला याच गाडीवर गेला होता. एका पहाटे त्यानं थाप मारली, एकच, आणि सवयीनं दार सरकवून पाय बाहेर टाकला. पुढे ड्रायव्हरला डुलकी लागलेली. गाडी थांबलीच नाही. मी हे तिला सांगितलं नाही, कारण तिला भीती घालणाऱ्यांची रांग आधीच लांब होती, तिच्यात मी कशाला उभा राहू? पत्रा भंगारात गेला. त्या जागी टाचणीनं जाड कापडाचा पडदा लावला.

भावाला कळलं तेव्हा घरात रणधुमाळी झाली. तो म्हणाला, “चार चाकांवर असतं त्याला घर म्हणतात का? आठ दिवसांत परत येशील.”

“नाही येणार.”

“आलीस तर?”

“आले तर गाडीची किल्ली तुझ्या हातात देईन आणि मरेपर्यंत जिन्याखाली राहीन. ब्र काढणार नाही.” मग टोचलंच तिनं, “पण महिना काढला तर दादा, मला पुन्हा कधी थांब म्हणायचं नाहीस.”

भाऊ हो म्हणाला. वहिनी तर जिन्याखालच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या ठेवणार होती, पण नवऱ्यानं तिला सांगितलं, आठ दिवस दम धर.

तर निघायचा दिवस. मंगळवार, बारा नोव्हेंबर. शेवटचं एक काम हातात होतं, एका दंतवैद्याच्या खुर्चीची नवी गादी. त्याचा दवाखाना दीडशे किलोमीटरवर, आणि सकाळी आठला त्याचा पहिला पेशंट. दादा म्हणाला, पहाटे निघ, रात्रीची जाऊ नकोस. झालं. साडेदहाला तिनं ताट घासून ठेवलं, आणि अकराला गाडी सुरू केली. दादा नको म्हणाला नसता तर ती खरंच पहाटे निघाली असती, हे तिनंच मला हसत सांगितलं.

सुरुवातीचे दोन तास ती गाणं म्हणत होती. मागे सगळं तिचं होतं, तिची कढई, तिची उशी, कात्र्यांचा डबा. तिला इतका आनंद झाला होता की मध्येच ती एकटीच मोठ्यानं “अगं बाई!” म्हणाली. मोठा रस्ता सोडून तिनं जुना रस्ता धरला. वर्दळ संपली. दोन्हीकडे माळ, आणि अधूनमधून रस्त्याला लागून एखादं सुटं घर, दिवे मालवलेलं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी मागून थाप पडली.

एकच.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली ती एका सुट्या घरापुढे. तिनं पडदा सरकवून मागचा दिवा लावला. सगळं जागच्या जागी. दंतवैद्याची गादी पट्ट्यानं बांधलेली, खण बंद. कढई हलली असेल, असं म्हणून तिनं कढई कपड्यांत गुंडाळली आणि निघाली.

दहा मिनिटांनी पुन्हा. एकच थाप. पुन्हा तसंच एक घर, रस्त्याला लागून.

या वेळी ती थांबली, पण मागे वळली नाही. तिच्या लक्षात आलं होतं ते असं... आवाज पत्र्याचा होता. पोकळ, खणकन वाजणारा, उघड्या पत्र्याचा. आणि मागे उघडा पत्रा राहिलाच नव्हता. भिंतींना फोम, फोमवर प्लायवूड. आवाज आला होता तिच्या उजव्या कानामागून, वीतभर अंतरावरून. तिथं फक्त पडदा होता.

पडदा हललासुद्धा नव्हता.

तिनं गाडी हाणली. तिसरं घर आलं. थाप. थांबायचं नाही म्हणून तिनं पाय दाबून धरला. पुन्हा थाप... जोरात. पुन्हा. आता एकेक थाप कळवळून मारल्यासारखी, एकामागोमाग एक... आणि बाजूचं सरकतं दार खडखडायला लागलं.

ती थांबली. इंजिन बंद केलं.



आपला श्वास तिला ऐकू येत होता. आणि मग, आपला थांबवला तरी... एक श्वास ऐकू येत होता.

तिनं फोन काढला, दादाचं नाव काढलं, अंगठा त्यावर ठेवला. फक्त दाबायचं होतं. दादा निघाला असता, रात्रीतून आला असता, रागावलासुद्धा नसता. मायेनं म्हणाला असता, चल घरी. आणि मग ती जिन्याखालची खोली, मरेपर्यंत. टाचणी मला म्हणाली, “त्या क्षणी मागे जे काय होतं त्याच्यापेक्षा मला त्या खोलीची जास्त भीती वाटली.”

तिनं फोन बाजूच्या सीटवर फेकला. आणि ती ओरडली. घसा फाटेस्तोवर ओरडली.

“कोण आहेस रे तू? साठ वर्षं मी थांब थांब ऐकत आले, ते जिवंत माणसांचं! आता मेलेल्यांचंही ऐकू? हा फोम मी चिकटवलाय. ही लाकडं मी मापानं कापलीत. हे माझं घर आहे, आणि माझ्या घरात मला कुणी थांब म्हणायचं नाही! मी परत फिरणार नाही. जीव गेला तरी फिरणार नाही, ऐकलंस?”



मागचा श्वास थांबला.

मग तिचा आवाज जरा उतरला. बाई फटकळ, पण दारात आलेल्याला हाकलणारी नव्हती.

“तुला उतरायचंय का?” तिनं विचारलं.

तिनं हँडब्रेक ओढला.

“उतरायचं असेल तर उतर. गाडी उभी आहे. मी जागी आहे.”

ती खाली उतरली. गाडीला धरून धरून ती बाजूच्या सरकत्या दारापर्यंत गेली. दार ओढलं. पुरतं उघडलं. आणि बाजूला उभी राहिली.

आतून गार हवा आली.

मग मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. गाडीचं एक अंग हळूच वर आलं. माणूस उतरला की गाडी जशी उचलली जाते ना... तशी. एका भरल्या अंगाच्या माणसाएवढी.

ती जागची हलली नाही. समोरच्या घरात एक कुत्रं उठलं. भुंकलं नाही. रस्त्याकडून घराच्या दारापर्यंत मान फिरवत त्यानं कशाकडे तरी बघितलं... आणि शेपूट हलवली.

थोड्या वेळानं गाडी पुन्हा खाली बसली.

टाचणीनं दार ओढून घेतलं. पुढे येऊन बसली. किल्ली फिरवली, पण गाडी काढली नाही. ती थांबली होती, हे लक्षात घ्या. आपण होऊन थांबली होती.

कानामागे दोन थापा पडल्या.

“निघाले,” ती म्हणाली.

त्यानंतर उजाडेपर्यंत ती प्रत्येक सुट्या घरापाशी थांबली. थाप पडायच्या आधीच थांबायची, दार उघडायची, बंद करायची, दोन थापा पडल्या की निघायची. भीती मात्र गेली नव्हती. शहराची हद्द लागली तशा थापा बंद झाल्या.

साडेसातला ती दवाखान्यापुढे पोचली. गादी खुर्चीवर चढवेपर्यंत दादाचा फोन आला. “कुठं आहेस?”

“घरी,” ती म्हणाली.

तो बिचारा फाटक उघडायला धावला. त्याला खुलासा करायला तिला दहा मिनिटं लागली, आणि हसू आवरायला त्याहून जास्त. महिना उलटला, वर्षही उलटलं. ती अजून फिरतेच आहे, आणि वहिनीच्या बरण्या मजेत आहेत.

पण ते जाऊ द्या. दंतवैद्य तिला निरोप द्यायला बाहेर आला आणि म्हणाला, “बाई, हे दारावर काय लिहिलंय? घराचा नंबर आहे का?” तिनं बघितलं, फोटो काढला आणि मला पाठवला. मी इथेच, या स्टुलावर बसून तो बघितला.

त्या गठ्ठेवाल्याची एक पद्धत होती. पेपर टाकायच्या लाइनीवर नवं घर लागलं की पहिल्या दिवशी तो त्याच्या दारावर निळ्या मेणखडूनं पुढचा नंबर घालायचा. माझ्या शटरच्या चौकटीवर ऐंशी आहे, जाताना टॉर्चच्या उजेडात बघा. शेवटचा दोनशे सोळा, तो नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे अजून दिसतो. त्यानंतर नंबर घालायला माणूसच राहिला नाही.

टाचणीच्या सरकत्या दारावर, बाहेरून, खांद्याच्या उंचीवर, त्याच वळणाच्या निळ्या आकड्यांत लिहिलं होतं... दोनशे सतरा.