बैऱ्याच्या बोटीआधीचे मंगळवार

"अनसू, पोरीला टोचून आणायचीच आहे ना, मग आण. पण तिथं गर्दीत कुणा परक्याच्या हातात देऊ नकोस. लळा लागायला वेळ लागत नाही."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुकानाच्या पायरीवरून मला बजावलं होतं. मी "हो, हो" म्हणत चिमीला शालीत गुंडाळलं आणि निघाले. लळा कुणाला लागेल, पोरीला की परक्याला, हे त्यांनी सांगितलं नाही... मीही विचारलं नाही.

छत्तीस सालचा माघ होता तो. नाशकात थंडी अशी, की म्युनिसिपालटीच्या दवाखान्याच्या अंगणात सगळ्या आया उन्हाच्या एका पट्ट्यात दाटीवाटीनं बसलेल्या. मधोमध खुर्ची टाकून धोंडीराम देवीडॉक्टर. मिशा केवढ्या, आवाज केवढा! त्यांनी "पुढचं पोर!" म्हटलं की अंगणातली सगळी पोरं एका सुरात रडत.

आमची पाळी आली आणि चिमीच्या झबल्याची गाठ काही सुटेना. हसू नका. चिमीचा बाप ती पोटात असतानाच विषमज्वरानं गेला. तेव्हापासून रात्री उठून तिच्या नाकापुढे बोट धरून बघण्याची सवय मला लागली होती. इंटरपर्यंत शिकलेली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी मी, पण एका गाठीपुढे हरले.

"द्या हिकडं." मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलंसुद्धा नाही. पोर दिलं. दोन्ही हातांनी गाठ सोडवली, तेव्हा कुठे वर पाहिलं. उंच, सावळा, तिशीच्या आतबाहेरचा माणूस. चिमीनं त्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं आणि ती चक्क गप्प होती. टोचलं तेव्हाही एकदाच "हं" केलं तिनं.

मग त्याची पाळी आली. त्यानं बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि सुई दंडाला लागायच्या आतच ओरडला, "आई गं!"

अख्खं अंगण हसलं. मीही. कितीतरी दिवसांनी.

"एवढा बाप्या माणूस!" धोंडीराम गरजले. "आणि हा म्हणे समुद्रापार जाणार!"

"बोटवाले दाखल्याबिगर चढू देत नाय," तो ओशाळून म्हणाला. "नायतर मी कशाला येतोय हितं?"

"कुठे निघालात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बैऱ्याला."

"ते कुठे आलं?" मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"आफ्रिकेत. मुंबईच्या पुढं."

"किती पुढे?"

त्यानं डोकं खाजवलं. "ते बोटीला म्हाईत असंल की, बाई!"

*

देवी टोचल्या की आठवड्यानं, म्हणजे पुढच्या मंगळवारी, दाखवायला जायचं असतं. फोड धरला, तर टोचणं लागू पडलं. तेव्हाच दाखला. चिमीच्या दंडावर तीन टपोरे मोती उठले होते. त्याच्या दंडावर काहीच नव्हतं.

"पुन्हा," धोंडीराम म्हणाले आणि पुन्हा "आई गं!" झालं.

आम्ही निघणार, तोच अवेळीची भुरभुर सुरू झाली. पत्र्याच्या पडवीत आम्ही अडकलो. चिमी त्याच्याकडे झेपावली. मी दिलं नाही. ती रडली. मग दिलं.

त्याचं नाव देवराम. निफाडकडचा. रसाच्या चरकांची इंजिनं दुरुस्त करायचा. बैऱ्याजवळच्या एका साखरमळ्यात फिटर हवा होता, तीन वर्षांचा करार, मुंबईच्या एजंटानं होळीनंतरच्या बोटीचं सांगितलेलं. आई-बाप नव्हते, मागे एक चुलता.

"बरोबर काय काय घेताय?" मी विचारलं.

"दोन धोतरं. पान्हा."

"आणि?"

"आणखी काय लागतं?"

मला राहवेना. पागोळीत बोट भिजवून मी बाकावर नकाशा काढला. ही मुंबई. हा मधला सगळा समुद्र. हे झांझिबार. हा खाली लांबच लांब किनारा मोझांबिकचा, गोव्याचंच पोर्तुगीज सरकार तिथेही. आणि हे मध्यावर, नदीच्या मुखाशी, दलदलीत बसलेलं बैरा. तिथे डास असणार म्हणजे हिवताप असणार. कुनैन घ्या. मच्छरदाणी घ्या, बारीक जाळीची. पाणी उकळून प्या. फाल्गुनात निघालात तर पोचाल तेव्हा तिथला उन्हाळा सरत आलेला असेल, पण म्हणून गरम कपडे ठेवून जाऊ नका, त्यांची थंडी आपल्या उन्हाळ्यात पडते...

तो नकाशाकडे बघतच नव्हता.

"काय?" मी म्हटलं.

"काय नाय. आमच्या बॉयलरकडं तुमच्यासारखं डोळ्यांत तेल घालून बघणारं एक माणूस असतं ना बाई, तर आजवर एक बॉयलर फुटला नसता."

"चेष्टा करताय माझी?"

"छ्या! बॉयलरची चेष्टा करीन, तुमची कशी करीन?"

मी पदर सावरला. बाकावरचं झांझिबार वाळून गेलं होतं... मी ते पुन्हा काढलं.

"हे सगळं घरच्यांनी सांगायला हवं तुम्हाला," मी बोटाकडे बघत म्हणाले. "बायको वगैरे..."

"बायको असती तर बैरा कशाला धुंडीत गेलो असतो?" तो म्हणाला आणि चिमीला वर उचलून पागोळीचा एक थेंब तिच्या नाकावर पडू दिला. ती खिदळली. शिंकेल म्हणून मी ओरडले. ती शिंकली नाही.

*

तिसऱ्या मंगळवारी मला जायचं कारण नव्हतं. चिमीच्या खपल्या धरल्या होत्या. तरी खपली नीट आहे का दाखवून आणते, असं आत्याबाईंना म्हणाले. त्या काचेच्या बांगड्यांचे तोडे बांधत होत्या. माझ्याकडे नुसतं पाहिलं त्यांनी.

देवरामच्या दंडावर या खेपेलाही काही नव्हतं. धोंडीराम चिडले. "त्याच लशीनं साऱ्या गावाला फोड आले. तुझी कातडी काय गेंड्याची आहे? आता शेवटचं टोचतो. नाही उठलं तर दाखला नाही. बोट गेली तर माझ्या नावानं बोंब मारू नकोस."

चाकरी जाईल याची. तीन वर्षांचं पोट. मी त्याच्या दंडाकडे निरखून पाहिलं आणि तिथेच थबकले. टोचल्याच्या जुन्या खुणांभोवती कातडी लालसर, घासलेली. राखेनं भांडं घासावं तशी.

हे मला ओळखीचं होतं. आमच्याकडे कितीतरी बाया करतात. डॉक्टरांसमोर पोर टोचून घेतात आणि कोपरा वळला की पदरानं लस पुसून टाकतात. देवीचा कोप नको म्हणून. आत्याबाईही चिमीचं पुसायला धावल्या होत्या, मी हात धरला म्हणून राहिल्या. पण हा गडी इंजिनं उघडणारा... हा कशाला भिईल?

पडवीत गाठून मी म्हटलं, "तुम्ही पुसता."

"काय?"

"लस. दर खेपेला पुसता. का? देवीची भीती वाटते?"

"देवीची नाय."

"मग सुईची? एकदा जास्तच टोचून घेतलंत की! चाकरी जाईल, कळतंय का? सगळी तयारी..."

"बाई," तो म्हणाला. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. "फोड उठला की दाखला मिळणार. दाखला मिळाला, म्हंजे... मंगळवार संपले."

अंगणात पोरं रडत होती. मला काही ऐकू येईना.

मग मला राग आला. खरंच आला. मी त्याला हाताला धरून धोंडीरामांच्या खुर्चीपुढे उभं केलं, चारचौघींच्या देखत. टोचून झाल्यावर बाकावर बसवलं. "सुकेपर्यंत हलायचं नाही." त्याचं मनगट मी सोडलं नाही. दुसऱ्या हातानं पदराचं टोक धरून त्याच्या दंडाला वारा घालत राहिले. चिमी त्याच्या गुडघ्यावर.

"'आई गं' म्हणाला नाहीत आज?" मी विचारलं.

"ध्यान नव्हतं सुईकडं."

मी खाली पाहिलं.

"तुमीपण टोचून घ्या की," तो हळूच म्हणाला.

"मी कशाला?"

"बोटवाले दाखला मागतात. हरेकाचा." तो चिमीच्या केसांशी बोलत होता. "हिचा तर झालाच हाय. माझा आता हुईल. एकच राहिला."

वारा घालायचा माझा हात थांबला.

हो म्हणावंसं वाटलं. तिथेच, त्या क्षणी. पण भद्रकालीत एका लहानशा दुकानात एक बाई बसली होती. तिचा एकुलता मुलगा गेला होता. मला शाळेत धाडायची म्हणून तिनं भावकीची बोलणी खाल्ली होती. आणि त्या मुलाचं जे एवढंसं उरलं होतं, ते देवरामच्या गुडघ्यावर बसून बटण चोखत होतं.

"घरी विचारावं लागेल," मी म्हणाले. "त्या नाही म्हणाल्या तर मी येणार नाही. आणि तुम्ही पुसायचं नाही. काहीही झालं तरी."

*

मी घरी सगळं सांगितलं, तेव्हा आत्याबाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो दुकानात आला, तेव्हा दंडावरचा फोड चांगला पिकला होता. ताप होता अंगात, तरी आला.

आत्याबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सुई बघून रडतो तो तूच काय?"

"व्हय, आत्याबाई."

"बोटीत माझी नात आजारी पडली तर काय करशील?"

मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलेल. "मला म्हाईत नाय," तो म्हणाला. "ह्यांना म्हाईत असंल. ह्या सांगतील ते करीन. आन् जागा राहीन."

"कुठवर?"

"बरी होईस्तवर."

आत्याबाईंनी मान वळवली. गिऱ्हाईक नसताना पेट्या उघडल्या, मिटल्या. आम्ही दोघांनीही त्यांना विनवलं, तुम्हीही चला. देवराम तर म्हणाला, तिसरं तिकीट काढतो, चरकावर जादा पाळी करून फेडीन. त्या हसल्या. "बैऱ्यात माझ्याकडून बांगड्या कोण भरून घेणार रे? माझा लेक ह्या गल्लीतून गेलाय. मी कुठं जाऊ?"

मग म्हणाल्या, "अनसू, हात."

मी हात पुढे केला. अख्ख्या नाशकाचे हात दाबून चुडे भरणाऱ्या त्या बाईनं दोन वर्षं माझ्या हाताला हात लावला नव्हता. त्यांनी बोटं जुळवली, अंगठा आत वळवला, दाबला. पहिली बांगडी फुटली.

"निबर झाला गं हात," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच चिरकला होता. दुसरी चढली. हिरवी. तिसरी... देवराम भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ हलत होती. आत्याबाई म्हणाल्या, "बघ, परत रडतोय. ह्याला काय टोचलं आता?"

*

होळीनंतरची बोट हुकली. चैत्रातली मिळाली. परवा घरातल्या घरात आमचं लग्न लागलं. उद्या सकाळी नाशिक रोडवरून मुंबईची गाडी. माझ्या दंडावर तीन खपल्या आहेत आणि पेटीत तीन दाखले. मच्छरदाणी शिवून झाली. आत्याबाईंनी चिमीसाठी भाजलेल्या नाचणीचं पीठ, खारका आणि बाळगुटीची मुळं एकेक चिंधीत बांधून दिली आहेत. कुठलं उगाळून किती वेढे द्यायचे, हे माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलं. देवराम चिमीला "बोट कशी करते?" विचारतो, ती गाल फुगवून "भोंऽ" करते. मी त्या दोघांना बघते आणि मला भीती वाटत नाही. म्हणजे, वाटते. पण आता रात्री मी उठले की शेजारी एक झोपाळू आवाज विचारतो, "श्वास चाललाय नव्हं?" मी म्हणते, "चाललाय." मग तो आवाज म्हणतो, "मग नीज की गं."

माझ्या जिवाला आता घोर आहे तो दुसऱ्याच माणसाचा.

तुम्ही नाशकात असाल, किंवा निफाड-येवल्याकडून बाजाराला येत असाल, तर भद्रकालीत नवसाबाई कासारणीचं दुकान विचारा. कुणीही दाखवील. बांगड्या भरायच्या नसल्या तरी आत जा. "आत्याबाई, जेवलात का?" म्हणून विचारा. त्या "हो तर!" म्हणतील, अगदी झटक्यात. त्यावर जाऊ नका. एकटं माणूस स्वतःपुरतं रांधायचा कंटाळा करतं. पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या खोलीत शिरा आणि चुलीतल्या राखेवर हात धरून बघा, ऊन आहे का.

गार लागली, तर लगेच निघू नका. बसा थोडा वेळ. म्हणावं, मलाही भूक लागलीय.