फिडल : रेवा नाडकर्णी

हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण लोक आधी माझ्या छंदालाच हसतात. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी कचेरीत फायली हलवणारा मराठी माणूस अमेरिकेतल्या जुन्या नाचगाण्यांच्या रेकॉर्डी गोळा करतो, म्हणजे डोकं जरा फिरलेलंच असणार. असू दे. वेस्टर्न स्विंग म्हणतात त्या संगीताला. टेक्ससकडच्या नाचघरांतलं, साठेक वर्षांपूर्वीचं. एका कंपनीशी करार असलेले वादक दुसऱ्या कंपनीकडे खोट्या नावानं वाजवून यायचे. त्या टोपणनावांमागची खरी माणसं शोधून याद्या करणारे आम्ही साऱ्या जगात वीस-पंचवीस जण असू.

शोधताना एका गोष्टीची मदत व्हायची. वादकाची पाळी आली की बँडचा म्होरक्या गाणं चालू असतानाच त्याला नावानं हाक मारायचा. हाक आली की वाजवायचं, हा रिवाजच होता.

सत्त्याण्णव साली आम्ही द्वारकेच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलो. चाळीस फ्लॅट आणि बिऱ्हाडं सहा. पाणी टँकरचं, वीज तिच्या मर्जीची. त्याच सुमारास मला संशय आला, की ओक्लाहोमाचा हॅरल्ड पीट्स माझ्या याद्या न विचारता स्वतःच्या नावावर छापतोय. अशा वेळी आमच्यात एक युक्ती करतात. यादीत मुद्दाम एक खोटं नाव घुसडायचं. ते दुसऱ्याच्या यादीत उगवलं की चोर सापडला. ज्या रेकॉर्डवर फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, अजिबात वाजत नाही अशी एक मी निवडली आणि तिच्यापुढे लिहिलं, 'फिडल : रेवा नाडकर्णी'. हे माझ्या बायकोचं, रेवतीचं, माहेरचं नाव. लग्नाआधी ती व्हायोलिन शिकायची, म्हणून तेच सुचलं.

जूनमध्ये हॅरल्डची नवी यादी टपालानं आली. नाव जसंच्या तसं उचललेलं! मी खूश होऊन रेवतीला दाखवलं. ती हसली नाही.

"अच्छा, म्हणजे त्या मेलेल्या माणसांत माझं नाव बसवलंत?" ती म्हणाली. "काढून टाका ते."

मी तिची थट्टा केली. त्या रेकॉर्डवर फिडल नाहीच, ऐक हवं तर, असं म्हणून ती लावलीसुद्धा. दुपारचे तीन वाजले होते. लाइट गेले होते, पण माझा ग्रामोफोन चावीचा. बाहेर लू, तिकडचा तो भाजून काढणारा वारा, सुटली होती. रिकाम्या फ्लॅटांपैकी कुठल्यातरी एकाचं दार थांबून थांबून आपटत होतं, आणि खोलीत रेकॉर्डींच्या तापलेल्या लाखेचा वास भरला होता. रेवती ऐकायला न थांबता स्वयंपाकघरात निघून गेली.

गिटारवाल्याला हाक आली, त्यानं वाजवलं. पियानोवाल्याला आली, त्यानं वाजवलं. त्यानंतर गाणं संपतं, हे मला तोंडपाठ होतं. ते संपलं नाही. म्होरक्या जरासा हसला आणि अगदी घरच्यासारखा म्हणाला, "रेवा..."

पुढे नुसता ताल चालू राहिला. कुणीच वाजवेना. ते सगळे वाट बघत होते.

"आले..." आतून रेवती म्हणाली.

मी धावत आत गेलो. "ओ का दिलीस तू?"

"तुम्हीच ना हाक मारलीत..." ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या डाव्या हाताची बोटं ओट्यावर भराभर चालत होती, तारांवर चालावीत तशी. "थांबतच नाहीयेत हो..."

बाहेर येऊन मी सुई उचलली आणि रेकॉर्ड बत्त्यानं फोडली. रेवतीला त्या रात्री सडकून ताप भरला. दोन दिवस ती डोळे उघडेना. मी उशाशी बसून होतो आणि मला स्वतःची शिसारी आली होती. एका चोराला पकडायला मी घरचं माणूस आमिष म्हणून लावलं होतं. तिथेच बसून हॅरल्डला पत्र लिहिलं : नाव खोटं आहे, चोरी माफ, पण ते तेवढं काढ.

तिसऱ्या दिवशी ती उठली. ठणठणीत. आधीपेक्षा जास्तच कामाला लागली. मी देवापुढे साखर ठेवली.

तीन आठवड्यांनी हॅरल्डचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, की माझ्या पत्रानंतर त्यानं स्वतःजवळची रेकॉर्ड पुन्हा ऐकली. तिच्यावर फिडल आहे, आणि चांगलं आहे. वाजवणारी फक्त घाबरल्यासारखी वाटते. खरोखर वाजवणाऱ्या माणसाचं नाव तो काढणार नाही. एकच शंका होती. वाजवून झाल्यावर ती बाई माइकच्या अगदी जवळ येऊन काहीतरी बोलते. भाषा त्याला कळत नाही, म्हणून ऐकू आलं तसं इंग्रजी अक्षरांत उतरवलंय, अर्थ कळवावा.

मी ती अक्षरं जुळवून वाचली. 'अहो, दार उघडा.'

स्वयंपाकघरात पोळ्या चालल्या होत्या. लाटण्याचा आवाज थांबला.

"कुणाचं पत्र आहे, श्यामकांत?"

बावीस वर्षांच्या संसारात रेवतीनं मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.