रुखमाची शिशी

ही गोष्ट खरी आहे. आनंदराव डॉक्टरांच्या सिंदी गावातल्या दवाखान्यात बाक होता, खाट होती. स्टूल मात्र नव्हतं. का नव्हतं, ते ऐका.

१४ जून १९५४. सोमवार, दुपारचे दोन. वर्ध्यातला एक जुना बंगला.

मेडिकलच्या प्रवेशाच्या मुलाखती चालू होत्या. आनंदरावांचे मार्क काठावरचे. सगळी भिस्त या मुलाखतीवर. हुकली, तर जन्मभर मामाच्या दवाखान्यात पुड्या बांधत बसायचं.

आत तीन साहेब. समोर टेबल. बाजूला एक रिकामं स्टूल.

"पुस्तकातलं काही विचारणार नाही," चष्मेवाले साहेब खेकसले. "माणसाशी बोलता येतं का, तेवढं बघायचंय. त्या स्टुलावर खेड्यातली बाई बसलीय असं समजा. तापाने फणफणलीय. बोला."

आनंदरावांनी घसा खाकरला.

"काय होऊन राह्यलं बाई तुले?"

टक्...

टेबलावर कुणीतरी काच ठेवल्याचा आवाज.

टेबलावर काहीच नव्हतं.

"शिशी आणली, बाबू..."

आनंदरावांनी झटकन स्टुलाकडे पाहिलं. स्टूल रिकामंच. हा आवाज त्यांनी ऐकलेला होता.

दोनच महिन्यांपूर्वीची गोष्ट. मामा गावाला गेलेले. दवाखान्यात आनंदराव एकटेच, परीक्षेचं पुस्तक उघडून बसलेले. गावातल्या तानबाची बायको रुखमा दारात आली. डोळे लाल, अंग थरथरतंय. पातळ औषधासाठी रोग्याने शिशी घरून आणायची, हा मामाचा नियम.

"शिशी नाई, बाबू."

"मंग औषध काय पदरात ओतू? शिशी घेऊन उद्या येजो."

मागे फळीवर रिकाम्या शिश्यांची रांग होती. एक काढून दिली असती तर काय बिघडलं असतं! पण मान वर करायचा कंटाळा.

चौथ्या दिवशी तानबा आला. औषधासाठी नाही.

"मास्तरच्या घरून शिशी मांगून आणली होती तिनं. हिरवी, तोंडाशी फुटकी. जीव गेला तरी मुठीतून सुटलीच नाई. तशीच मातीत ठेवली तिले."

...

"थांबलात का?" साहेब ओरडले.

स्टूल करकरलं...

"तूच म्हणलं होतं ना, शिशी घेऊन उद्या येजो?"

तिन्ही साहेबांनी माना वर केल्या.

त्यांनाही ऐकू आलं होतं.

"बघा, तक्रार करतेय बाई," चष्मेवाले साहेब म्हणाले. "म्हटलं होतं का तुम्ही असं?"

खरं बोलावं, तर प्रवेश गेला.

"नाही," आनंदराव म्हणाले. "म्या नाई म्हणलं, बाई. दुसरं कोणी असंन."



मग साहेब खदखदून हसले. "बाईचा आवाज काय हुबेहूब काढता हो! नाटकात होता का? जा, तुमचं काम झालं."

आनंदराव दारापाशी पोचले, तोच मागून हाक आली.

"अहो... तुमची शिशी राहिली."

हिरवी. तोंडाशी फुटकी. आत ओली माती.

प्रवेश मिळाला. आनंदराव डॉक्टर झाले. हाताला गुण होता, लोक नाव काढायचे. रोग्याला 'उद्या ये' असं ते कधी म्हणाले नाहीत. दवाखान्यात स्टूल कधी येऊ दिलं नाही. फळीवरच्या शिश्या फुकट वाटल्या. ती हिरवी शिशी मात्र त्यांनी दोनदा नदीत टाकली, एकदा विहिरीत. ती परत टेबलावर यायची.

दुपारी दोनला शेवटचा रोगी गेला, की आवाज व्हायचा.

टक्...

कंपाउंडर प्रेमदासने तो ऐकला आणि त्याच आठवड्यात नोकरी सोडली. तो सांगायचा, डॉक्टर हात जोडून रडायचे.

"मीच म्हणलं होतं, रुखमाबाई. मीच. आता तरी औषध घेऊन जा."

मग अगदी टेबलाजवळून रुखमाचं उत्तर यायचं...

"उद्या येतो, बाबू."