मावशीचं रबरी बोट

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक दहा बाय बाराची खोली होती. तिच्यात पान्या बसायचा. खरं नाव त्यालाही हजेरीपट बघूनच आठवे. वरची यंत्रं बिघडली की खाली त्याच्याकडे येत. तो ती उघडी, फुंकर मारी, परत बंद करी आणि बहुतेक वेळा ती चालू होत. सहा वर्षांत त्याचा विज्ञानावरचा विश्वास वाढत गेला होता, फुंकरीवरचा तर फारच.

सगळ्यात लाडकं काम म्हणजे ऑक्सिजन मोजणारे चिमटे तपासणं. हा चिमटा रोग्याच्या बोटाला लावतात. तो एका बाजूने तांबडा उजेड टाकतो, पलीकडे किती पोचला ते बघतो आणि रक्तातला ऑक्सिजन सांगतो. खरं सांगतो की नाही हे बघायला रबरी बोट असे. बोटात नळी, नळीला पंप, पंपात लाल पाणी. पंपावर नव्वद लावले की चिमट्यानेही नव्वद म्हणायचं. म्हणाला की पास.

अडचण एवढीच, की कंपनीने पाठवलेली बाराही बोटं सोललेल्या बटाट्याच्या रंगाची होती. वरच्या तीन मजल्यांवर त्या रंगाचं कोणी सापडलंच असतं तर भिंती रंगवणारा, तोही काम चालू असताना. हे पान्याला सहा वर्षं खटकलं नाही. मग एक परिपत्रक आलं: काळ्या कातडीवर हे चिमटे ऑक्सिजन जास्त दाखवतात असं कळतं, तपासून कळवा. पान्याने कंपनीकडे काळं बोट मागितलं. उत्तर आलं, त्या रंगाला मागणी नाही.

"मागणी नाही काय?" मावशी म्हणाली. "इथे अख्खी मी बसलेय."

मावशी म्हणजे पान्याचं सगळं घर. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिलाई यंत्राच्या खडखडाटात झोपवलं.

"तुझा रंग सावळा आहे गं, चालेल की नाही बघायला हवं," पान्या म्हणाला.

"सावळा हा भिडस्त लोकांचा रंग. मी काळी आहे. पक्का रंग, उन्हात ठेव, धू, काही जाणार नाही. घे बोट."

तिने उजव्या हाताची तर्जनी साच्यात बुडवली आणि तेवढा वेळ डाव्या हाताने काज-बटणं मोजत बसली. रबरात रंग मिसळायलाही तीच. "दिव्याखाली काय जुळवतोस, अडाण्या? दोरा जुळवताना खिडकीत जायचं असतं." चौथ्या खेपेला बोट इतकं हुबेहूब झालं, की ती म्हणाली, "हे घरी नको ठेवूस. मी त्यात अंगठी घालून बसेन."

बोट सुकायला ठेवलं आणि चार दिवसांत मावशीला न्यूमोनिया झाला. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. सोमवारपर्यंत तिने शेजारणीच्या गाऊनची उसवलेली बाही शिवून दिली होती. चिमटा चौऱ्याण्णव दाखवत होता. दुपारी घरी सोडायचं ठरलं.

त्याच सकाळी पान्याने बोट तपासायला घेतलं. हाताला ते कोमट लागलं. खोली धुलाईला लागून होती, तिथे सगळंच कोमट असे. त्याने पंपावर पंच्याऐंशी लावले. चिमटा म्हणाला, चौऱ्याण्णव.

पान्याने चिमटा बदलला. चौऱ्याण्णव. एक फुंकर मारली. चौऱ्याण्णव.

त्याने वहीत लिहिलं, 'फरक नऊ. सविस्तर अहवाल महिनाअखेर,' आणि पंपाची पिन काढून तो चहाला निघाला.

मागे बीप झालं.

बोटात पाणी हलत नव्हतं. चिमटा मात्र नाडी दाखवत होता, एकशे अठरा. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. पान्या तर्कशुद्ध माणूस होता. त्याने खिडकी झाकली, ट्यूबलाइट बंद केली, शेवटी बोट नळीवरून उपसून कागदावर आडवं ठेवलं. एकशे अठरा. एकशे वीस.

मग आकडे विस्कटले, पडद्यावरची रेघ वेडीवाकडी उडाली आणि पुन्हा सुरळीत झाली. खोकल्यावर उडते तशी.

त्याने वर फोन लावला.

"मावशी, काय करतेयस?"

"खोकतेय. तुझं काय?"

"उजव्या हाताचं पहिलं बोट जरा वाकव."

"का रे?"

"वाकव ना गं."

रेघ नाचली.

"आता थांब."

रेघ थांबली.

"झाला का व्यायाम?" मावशी म्हणाली. या तीन शब्दांत तिने दोनदा श्वास घेतला.

पान्या जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढला. डॉक्टरीणबाई घरी सोडायच्या कागदावर सही करत होत्या. रबरी बोटाने निरोप दिलाय, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"बाई, चिमटा खोटं बोलतोय."

"तूच पास केलास ना?"

"केला. बटाट्याच्या रंगाच्या बोटावर. सहा वर्षं सगळे तसेच पास केले. मनगटातून रक्त काढून बघा. चूक निघाली तर मला खुशाल काढून टाका."

बाईंनी मावशीकडे पाहिलं. मावशी हसली. हसताना तिच्या नाकपुड्या फुलत होत्या.

बाईंनी पेन बंद केलं आणि सुई मागवली.

सहा मिनिटं लागली.

चौऱ्याऐंशी.

खाटेभोवती एकदम माणसंच माणसं झाली. मास्क आला, नळी आली. पान्या भिंतीला टेकून उभा राहिला. मास्कच्या आतून मावशी म्हणाली, "भिंतीचा रंग लागेल. शर्ट नवा आहे."

आठवड्याने ती घरी गेली. ज्या दिवशी तिचं रक्त सत्त्याण्णव झालं, त्या दिवशी खालचं बोट गार पडलं. ते फक्त रबर उरलं. पान्याने ते कोणाला सांगितलं नाही.

फरकाचं सांगितलं मात्र सगळ्यांना. मग तळमजल्यावर रांगच लागली. रुग्णवाहिकेचा चालक, स्वयंपाकघरातल्या दोघी, पहारेकरी, भूलतज्ज्ञ. सगळे बोट पुढे करून उभे. कोण जास्त काळं यावरून चालक आणि पहारेकऱ्याचं खिडकीत उभं राहून भांडण झालं. दोघांनीही बाही वर केली. निकाल मावशीने दिला. ती तपासणीला आली होती आणि आता रंग मिसळण्याची प्रमुख होती. नवे चिमटे आले, तेवीस बोटांवर तपासले गेले, खोटे निघाले ते कंपनीला परत गेले. डॉक्टरीणबाईंनी येऊन टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर मावशीने आपलं बोट खोक्यातून काढलं, चष्मा वर करून न्याहाळलं.

"किती रे वाढू दिलंस हे," ती म्हणाली.

पान्याने पाहिलं. रबरी बोटाचं नख चांगलं दोन दोऱ्यांच्या जाडीएवढं पुढे आलं होतं.

मावशीने पिशवीतून छोटी कात्री काढली. नख कापताना ती जीभ दाताखाली धरायची, तशी धरली. कचकन आवाज झाला.

"स्स. खोल गेली," ती म्हणाली, रबरी बोट खाली ठेवलं आणि स्वतःचं पुढे केलं. "कापूस दे जरा."