शिंप्याच्या मनगटावरची जागा

"…आणि त्या बाईनं रात्री ज्या पोराच्या गळ्याला हात लावला, ते पोर—"

लिफ्टमधल्या दोघी बायकांचं एवढंच बोलणं आमच्या शेजारच्या शिंप्याच्या कानावर पडलं आणि लिफ्टचं दार मिटलं. तो दुधाचा थर्मास घेऊन पोरीच्या वॉर्डाकडे निघाला होता.

दिवा जरा बारीक करा रे पोरांनो. हां.

पोर चार वर्षांची. जन्मापासून मानेला पाण्याची गाठ. लिंबाएवढी होती, ती संत्र्याएवढी झाली. "कॅन्सरबिन्सर नाही, पण श्वासनळी दाबतेय," म्हणत डॉक्टरांनी ती कापून काढली. जखमेतलं पाणी ओढायला नळी लावली, नळीच्या टोकाला प्लॅस्टिकची बाटली. ती चेपलेली असेल तरच पाणी ओढते. हे सिस्टरनं दिवसा त्याच्या बायकोला सांगितलेलं. रात्री बसायचा हा. शिंपीच तो, चुणी दिसली की हात शिवशिवणार. त्यानं बूच काढलं, बाटली छान गोल होऊ दिली, बूच लावलं.

ऑपरेशननंतरची दुसरी रात्र, शनिवारची. अडीचच्या सुमारास पोरीची मान पुन्हा फुगली. श्वास घरघरायला लागला. यानं बेल दाबली. दाबतच राहिला. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात अडकलेली.

"बाबा…"

"आहे गं. इथंच आहे."

पडदा हलला.

एक बाई. अनवाणी. दिव्याकडे पाठ. तिनं हात पुढे केला… पोरीच्या गळ्याकडे.

"माझा धरा," तो म्हणाला. "बाई, माझा गळा धरा. हिचा नको."

हात थांबेना. यानं मध्ये हात घातला. तिनं त्याचं डावं मनगट धरलं. बाजूला सारलं.

वाकली… बूच काढलं. बाटली चेपली. बूच लावलं.

नळीतून पाणी सरकलं. घरघर कमी झाली.

"मग, काका?"

मग काय, सिस्टर धावत आली. मान बघितली, बाटली बघितली. "ही कुणी चेपली?"

यानं वळून पाहिलं. बाई नाही. पडदा… तसाच. हललासुद्धा नाही.

सकाळी त्यानं लिफ्टमधल्या त्या दोघींना गाठलं आणि वाक्य पुरं करायला लावलं. ते पोर सकाळ बघत नाही, म्हणाल्या. बाई येते, एवढं खरं निघालं. पण पोरीनं सकाळ बघितली. आता शाळेतून येताना माझी खिडकी वाजवून पळते, चोंबडी.

फक्त एक. परवा पॅन्ट टाकायला गेलो. शिंप्यानं बोलता बोलता हातातली सुई डाव्या मनगटात खोचून ठेवली. उशीत खोचावी तशी.

"अरे, दुखत नाही?"

त्यानं मनगटावर चार बोटं टेकवली. एवढीच जागा, म्हणाला.

"दुखत नाही. गार लागतं."